कच्च्या पिठाचा थर

चीजकेक बारमध्ये थर तीन. खाली बिस्किटांचा चुरा आणि लोणी दाबून केलेला पाया, मध्ये क्रीम चीज, वर कुकी डो, म्हणजे चॉकलेटचे तुकडे घातलेलं कुकीचं मळलेलं पीठ. सगळं एका चौकोनी टिनमध्ये बेक करायचं, रात्रभर थंड करायचं आणि वड्या पाडायच्या. मी घरून केक-कुकीजच्या ऑर्डरी घेऊ लागले तेव्हापासून हा पदार्थ माझ्या यादीत आहे. पुण्यात माझं जे थोडंफार नाव झालं ते याच वड्यांमुळे, आणि माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली तीही यांच्याच बाबतीत. घरच्यांना आणि माझ्या वर्गात शिकणाऱ्यांना मी ती सांगितली आहे. लिहून काढली नव्हती.

आधी लहान चुकांबद्दल सांगते, कारण मोठी चूक त्यांच्यातूनच निघाली.

पाया फारसा त्रास देत नाही. २० सेंटिमीटरच्या टिनला १५० ग्रॅम डायजेस्टिव्ह बिस्किटं आणि ७० ग्रॅम वितळलेलं लोणी पुरतं. वाटीच्या बुडाने घट्ट दाबायचं, १७० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवायचं, की झालं.

मधल्या थराला वेळ द्यावा लागतो, आणि तोच मी देत नव्हते. क्रीम चीज फ्रीजमधून काढून लगेच फेटायला घेतलं की बारीक गुठळ्या राहतात. त्या मोडाव्यात म्हणून मी बीटर जोरात आणि जास्त वेळ फिरवायची. गुठळ्या मोडायच्या, पण मिश्रणात हवा भरायची. ती हवा ओव्हनमध्ये फुगते, बाहेर काढलं की बसते आणि थराला मधोमध भेग पडते. तासभर आधी चीज ओट्यावर काढून ठेवलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. पण सकाळी डबे, दुपारी वर्ग आणि संध्याकाळी ऑर्डर अशा दिवसात तो तास मला जास्तीचा वाटायचा.

मग पैशाची गोष्ट. क्रीम चीज महाग पडतं. एकदा अर्धं क्रीम चीज कमी करून त्या जागी मी चक्का घातला. श्रीखंडासाठी घरी चक्का बांधायची सवय होतीच, आणि दिसायला दोन्ही पांढरे, दाट, आंबटसर. पण अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे क्रीम चीजमध्ये किमान ३३ टक्के स्निग्धांश असावा लागतो आणि पाणी ५५ टक्क्यांच्या वर चालत नाही. चक्क्यात स्निग्धांश त्याच्या निम्म्याहूनही कमी आणि पाणी पुष्कळ जास्त. उष्णतेने त्यातली प्रथिनं आकसतात, पाणी सुटतं आणि सरळ खालच्या बिस्किटांत उतरतं. वड्या पाडताना सगळं ठीक दिसायचं. दुसऱ्या दिवशी पाया ओल्या पुठ्ठ्यासारखा व्हायचा. हे मला पहिल्याच वेळी दिसलं होतं. तरीही काही ऑर्डरींत मी तेच दिलं आणि दर मात्र पूर्ण क्रीम चीजचा घेतला. कुणी तक्रार केली नाही. तक्रार आली नाही म्हणजे आपलं काम चांगलं आहे, ही समजूत तिथे माझ्या मनात बसली, आणि पुढे मी तिच्याच भरवशावर चालले.

खरी अडचण वरच्या थराची होती. अंडं घातलेलं क्रीम चीज आतून ७० अंशांच्या आसपास पोचलं की जमतं. त्यापुढे गेलं की कोरडं पडतं, चिरतं. म्हणून टिन हलवल्यावर मध्यभाग किंचित थरथरत असतानाच ते बाहेर काढायचं असतं. कुकी डोला मात्र आतपर्यंत भाजलं जायला हवं. ओव्हन एक, टिन एक, आणि दोघांच्या गरजा वेगळ्या. मी डोचे लिंबाएवढे गोळे करून चीजच्या ओल्या मिश्रणावर सोडायची. ते अर्धे आत बुडायचे. वरून तांबूस व्हायचे, आतून कच्चे राहायचे. म्हणून मी वेळ वाढवायची, तोवर कडेचं चीज आटून जायचं. त्यातच ओटीजीचा वरचा रॉड चालू ठेवल्यामुळे चॉकलेट जळून कडू व्हायचं. शिवाय वर सगळीकडे डो पसरलेली, त्यामुळे खालचं चीज थरथरतंय की जमलंय हे दिसायचंच नाही.

यातली प्रत्येक गोष्ट सुटण्यासारखी होती. आज ती मी रोज करते आणि वर्गात शिकवते. तेव्हा मी ती सोडवत बसले नाही. बेक केलेल्या, गार झालेल्या चीजकेकवर कच्ची कुकी डोच पसरायची, असा उपाय मी काढला.

हे माझ्या मनात आलं ते आइस्क्रीममुळे. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात बेन अँड जेरीजच्या दुकानात १९८४ मध्ये कुकी डोचे गोळे घातलेलं आइस्क्रीम मिळू लागलं. १९९१ मध्ये ते डब्यांत भरून विकायला आलं आणि तुफान चाललं. कुकीसाठी मळलेलं पीठ न भाजता खायचं ही लहान मुलांची चोरून करायची गोष्ट तिथून उघडपणे एक चव झाली. आपल्याकडच्या मुलांनाही ती इंटरनेटवरून ठाऊक झालेली होती. माझ्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या मुली विचारायच्या, कुकी डोचं काही करता का?

मी असा विचार केला की कच्च्या डोमध्ये भीती असते ती अंड्याची. अंडं काढून टाकलं की झालं. डोमध्ये फक्त लोणी, ब्राऊन शुगर, मीठ, व्हॅनिला, मैदा, चॉकलेट. मधला थरही कंडेन्स्ड मिल्क आणि कॉर्नफ्लोअर वापरून बिनअंड्याचा केला. त्यामुळे चतुर्थी-सोमवार पाळणाऱ्या घरांतून आणि ज्यांच्याकडे अंडं चालतच नाही अशा घरांतूनही ऑर्डरी यायला लागल्या. मैद्याचा विचार मी केलाच नाही.

त्या वड्या चवीला फार चांगल्या होत्या, हेही मला लिहायला हवं. वरचा थर मऊ, त्यात न विरघळलेल्या साखरेची किरकिर, मीठ थोडं पुढे, आणि खाली थंडगार आंबटसर चीज. भाजलेल्या डोमध्ये तो मऊपणा येत नाही. लोक परत परत मागायचे. वाढदिवस, भिशी, गणपतीतल्या संध्याकाळी, सोसायटीचे कार्यक्रम. डब्यावर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक छापलेला असायचा, त्यामुळे घेणाऱ्याला भरवसा वाटायचा. तो क्रमांक माझ्या नोंदणीचा होता. माझ्या टिनमध्ये काय आहे हे त्यावरून कुणाला कळणार नव्हतं.

आता पिठाबद्दल. गहू शेतात उभा असतो, तिथे पक्षी, गुरं, उंदीर, माती सगळं असतं. दळल्याने दाणा बारीक होतो, जंतू मरत नाहीत. मैदा कोरडा असतो म्हणून त्यात जंतू वाढत नाहीत एवढंच, पण महिनोन्‌महिने तग धरून राहू शकतात. पोळी, पाव, केक यांत पीठ ओलं होऊन तापतं, तिथे प्रश्न मिटतो. न तापवता खाल्लं तर तो मिटत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत बाजारात तयार मिळणारी कुकी डो कच्ची खाल्ल्याने अनेक राज्यांतले लोक ई. कोलायच्या संसर्गाने आजारी पडले. त्यानंतर त्या उत्पादकाने उष्णतेची प्रक्रिया केलेलं पीठ वापरायला सुरुवात केली. २०१६ मध्ये तिथे पुन्हा साथ आली, त्या वेळी ती थेट पिठापर्यंत शोधत नेता आली. कच्ची खाण्यासाठी म्हणून जी डो तिथे विकली जाते, तिच्यातलं पीठ कारखान्यात अशी प्रक्रिया केलेलं असतं. माझ्या डब्यातला मैदा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला होता.

मला हे माहीत नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. साथींच्या बातम्या मी नंतर वाचल्या, पण पीठ कच्चं खायचं नसतं हे मी माझ्या हातांनी आयुष्यभर पाळत आले होते. आपल्याकडे जे पीठ पुढे शिजवायचं नसतं, ते आधी भाजतात. मेतकुटातल्या डाळी भाजून दळायच्या. सातूच्या पिठाचं धान्य भाजून घ्यायचं. बेसनाच्या लाडवाचं बेसन तुपात अर्धा-पाऊण तास, खमंग वास घरभर सुटेपर्यंत भाजायचं. रव्याचा लाडू असो की पंजिरी, भाजल्याशिवाय काही नाही. आमच्या आयांनी जंतूंची नावं ऐकली नव्हती. त्या ‘कच्चं लागेल’, ‘पोटात दुखेल’ एवढंच म्हणायच्या. कणीक मळताना मूल गोळा तोंडात घालू लागलं तर हात धरायच्या. मी माझ्या मुलाचा हात असाच धरला आहे. त्याच ओट्यावर मी दुसऱ्यांच्या मुलांसाठी कच्चं पीठ लोण्यात कालवून विकत होते. पदार्थाचं नाव परकं होतं, साचा, साखर, चॉकलेट सगळं परकं होतं, म्हणून आपल्या स्वयंपाकघराचा नियम त्याला लागू आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ते डोक्यात घातलं माझ्या वर्गातल्या एका मुलीने. ती अन्नतंत्रज्ञान शिकत होती. मी डो कालवत असताना तिने विचारलं, “मॅडम, मैदा कच्चाच घालायचा?” मी म्हटलं, “यात अंडं नाहीये ना.” ती गप्प बसली, पण पटलेलं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या रात्री मी वाचत बसले. वर लिहिलेलं बरंचसं तेव्हा समजलं.

त्या रात्री मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. मैदा मायक्रोवेव्हमध्ये गरम करून घ्यायचा, असा एक मार्ग बऱ्याच ठिकाणी सांगितलेला होता. एका भांड्यात मैदा, मिनिटभर, ढवळायचं, पुन्हा मिनिटभर, थर्मामीटरने ७४ अंश दिसले की झालं. मी तो उचलला. पण त्याच वाचनात अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचा इशाराही होता. घरी पीठ असं गरम करून ते सुरक्षित झालं असं धरू नका, कारण सगळे जंतू मरतीलच याचा भरवसा नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलेलं. त्यामागचं कारणही साधं आहे. ओल्या अन्नात जे जंतू ७०-७५ अंशांना मरतात, तेच कोरड्या पिठात ती उष्णता बराच वेळ सोसू शकतात. शिवाय मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखं तापवत नाही. थर्मामीटरचं टोक जिथे आहे तिथे ७४, दोन बोटं पलीकडे कदाचित ५०. तो इशारा मी वाचला. मला आठवतंय, दोनदा वाचला. आणि जे मला सोयीचं होतं ते धरून पुढे गेले.

मैदा खमंग भाजून घेणं मला सुचलं नव्हतं का? सुचलं होतं. पण भाजला की त्याचा रंग आणि चव बदलते, आणि मग ती चव कुकी डोची राहत नाही. मला तो पांढरा, कच्चेपणाचा गोडवाच विकायचा होता.

पुढे काही महिने मी मायक्रोवेव्ह केलेला मैदा वापरला. गरम मैदा लगेच लोण्यात घालता येत नाही, लोणी वितळतं. तो पसरून गार करावा लागतो, गुठळ्या होतात, पुन्हा चाळावा लागतो. ज्या दिवशी घाई, त्या दिवशी ही पायरी गळायला लागली. आधी क्वचित, मग बऱ्याचदा. काहीच होत नव्हतं, तक्रार येत नव्हती. चक्क्याच्या वेळची ती समजूत होतीच.

एप्रिलमधला शनिवार होता. एका सोसायटीतल्या मुलीच्या वाढदिवसाची ऑर्डर होती, शिवाय इतर दोन. त्या दिवशी मी मैदा गरम केला नाही. डबे दुपारी पोचवले. वड्या फ्रीजमध्ये ठेवा, खायच्या वेळी बाहेर काढा असं तोंडी सांगितलं, डब्यावर काही लिहिलं नव्हतं. क्रीम चीज असलेला पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, हा नियम मला पाठ होता. पुण्याच्या एप्रिलमधल्या दुपारी वड्या क्लब हाउसच्या टेबलावर किती वेळ राहिल्या, मला माहीत नाही.

रविवारी रात्री त्या मुलीच्या आईचा फोन आला. आवाज शांत होता.

“काकू, एक विचारायचं होतं. काल रात्रीपासून तीन-चार मुलांना उलट्या-जुलाब होतायत. आमच्या हिलाही. मी सगळ्यांनाच विचारतेय, पाणीपुरीवाल्यांनाही विचारलं. तुमच्या वड्यांवर जे असतं ना, त्यातलं पीठ कच्चं असतं का?”

“नाही गं,” मी म्हटलं, “मैदा आधी गरम करून घेते मी.”

त्या वाक्यात मी नेहमी काय करते ते सांगितलं. काल काय केलं ते सांगितलं नाही. ती “बरं” म्हणाली, मी मुलीची चौकशी केली, डॉक्टरांकडे नेलं का, ओआरएस देताय ना, असं सगळं विचारलं. फोन ठेवला. माझा नवरा समोर बसला होता. त्याने विचारलं, “काल केला होतास का गरम?” मी उत्तर दिलं नाही.

मुलं दोन-तीन दिवसांत बरी झाली. एका मुलाला मात्र रात्रभर दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. तो पाच वर्षांचा होता. नेमकं कशामुळे झालं हे कधीच कळलं नाही. कुठल्याच पदार्थाची तपासणी झाली नाही. पाणीपुरीचं पाणी असेल, उन्हात राहिलेलं चीज असेल, माझा मैदा असेल, यातलं काहीच नसेल. पुढे कित्येक आठवडे मी मनातल्या मनात पाणीपुरीवर दोष टाकत राहिले. पण माझी चूक ठरायला मुलं माझ्यामुळेच आजारी पडली हे सिद्ध व्हायची गरज नव्हती. एका आईने डॉक्टरांना सांगता यावं म्हणून एक साधा प्रश्न विचारला होता. उत्तर मला माहीत होतं, आणि मी ते दिलं नाही. त्या रात्री डॉक्टरांना खरं कळलं असतं तर त्यांनी कदाचित शौचाची तपासणी करायला सांगितलं असतं, कदाचित औषध वेगळं दिलं असतं. कदाचित काहीच वेगळं झालं नसतं. ते ठरवणं त्यांचं काम होतं, आणि मी त्यांना ते करू दिलं नाही.

मी कच्च्या थराच्या ऑर्डरी घेणं दुसऱ्या दिवसापासून बंद केलं. तिच्याकडे जाऊन खरं सांगायला मात्र पावसाळा उजाडला. रिकाम्या हाताने गेले, कारण खायला काही घेऊन जाणं मला बरं वाटेना. तिने पाणी दिलं, बसवलं. मी सांगितलं की त्या दिवशी मैदा कच्चाच होता, आणि गरम केला असता तरी तो सुरक्षित झाला असता असं नाही.

ती म्हणाली, “मला तेव्हाच वाटलं होतं, काकू. तुम्ही उत्तर द्यायला जरा थांबलात.” मग म्हणाली, “त्या दुसऱ्या मुलाच्या आईलाही सांगाल का? तिला अजून वाटतं, तिने त्याला खाली पाणीपुरी खाऊ दिली म्हणून झालं.”

तोपर्यंत हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी गप्प राहिले म्हणून दुसरी एक आई इतके महिने स्वतःला दोष देत होती. मी तिच्याकडे त्याच दिवशी गेले. तिने ऐकून घेतलं, फार बोलली नाही. दोघींपैकी कुणी नंतर माझ्याकडून काही घेतलं नाही, आणि त्यात मला काही चूक दिसत नाही.

त्याहून अवघड काम वर्गाचं होतं. कच्च्या थराची ती कृती मी वर्गात शिकवली होती, झेरॉक्स काढून वाटली होती. शिकलेल्यांपैकी काही जणी स्वतः ऑर्डरी घ्यायला लागल्या होत्या. मी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना लिहिलं: काय घडलं, मैद्यात धोका काय आहे, मायक्रोवेव्हवर का विसंबू नये, आणि ती कृती रद्द समजा. काही जणींनी आभार मानले. एकीने लिहिलं की तिच्याकडे तोच पदार्थ सर्वांत जास्त खपतो, आजवर कुणाला काही झालेलं नाही. तिला काय उत्तर द्यावं हे ठरवायला मला वेळ लागला, कारण ती माझंच म्हणणं मला परत सांगत होती. शेवटी मी फोन करून त्या एप्रिलची सगळी हकीकत सांगितली. तिने ऐकली. पदार्थ बंद केला की नाही, मला माहीत नाही. कितीतरी नंबर बदललेले होते, कितीतरी झेरॉक्स शेजारणींकडे, नणंदांकडे गेलेल्या होत्या. त्यांच्यापर्यंत मी पोचू शकले नाही.

मग मी मूळ प्रश्नाकडे परत गेले, जो आधीच सोडवायला हवा होता. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणला. तेव्हा कळलं की माझ्या ओटीजीची खूण १६०वर असताना आत जवळजवळ १९० अंश असतात. इतकी वर्षं मी भेगांसाठी चीजला दोष देत होते. आता ३०० ग्रॅम क्रीम चीज तासभर आधी बाहेर काढते, ६०-७० ग्रॅम साखरेबरोबर हळू फेटते, एक अंडं घालून जेमतेम मिसळते. हा थर २० सेंटिमीटरच्या टिनमध्ये बोटभरही जाड होत नाही, आणि तेच हवं असतं, कारण पातळ थर वरच्या डोच्या वेळेतच जमतो. डोसाठी ७० ग्रॅम लोणी, १०० ग्रॅमच्या आसपास दोन्ही साखरा मिळून, ९५ ग्रॅम मैदा, मीठ, व्हॅनिला, चॉकलेटचे तुकडे. त्यात अंडं नाही, सोडा नाही. ती फ्रीजमध्ये घट्ट करायची आणि गोळे न करता तळहातावर दाबून चपट्या चकत्या करायच्या. चकत्या बुडत नाहीत. मध्ये मध्ये जागा सोडायची, म्हणजे चीज दिसतं. ओव्हनच्या आत खरे १६० अंश, वरचा रॉड बंद, साधारण अर्धा तास. चकत्या वरून कोरड्या आणि घट्ट लागल्या पाहिजेत, आणि सगळ्यात जाड चकतीत थर्मामीटर टोचला तर ७१ अंशांच्या वर गेला पाहिजे. डो मैद्याइतकी कोरडी नसते, तरी एकट्या आकड्यावर मी विसंबत नाही, चकत्या आतपर्यंत भाजलेल्या असल्याच पाहिजेत. मग ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवायचं, बाहेर काढून पूर्ण गार झाल्यावरच झाकायचं, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं. सुरी गरम पाण्यात बुडवून, प्रत्येक कापाला पुसून वड्या पाडायच्या.

ही वडी कच्च्या थराच्या वडीइतकी मऊ होत नाही. जुनी गिऱ्हाइकं मला तसं सांगतात आणि ते बरोबर आहे. निम्म्याच्या आसपास ऑर्डरी गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

वर्गात मी पूर्वी चॉकलेट चिप कुकीची एक गोष्ट सांगायची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावी रूथ वेकफील्ड नावाच्या बाई टोल हाउस इन ही खानावळ चालवत. एकदा त्यांच्याकडचं नेहमीचं चॉकलेट संपलं, म्हणून त्यांनी दुसऱ्या चॉकलेटचे तुकडे घातले, ते विरघळलेच नाहीत, आणि चुकून ही कुकी जन्मली, अशी ती गोष्ट. मुलींना आवडायची, मला त्याहून जास्त. ती खरी नाही. वेकफील्डबाईंनी फ्रेमिंगहॅमला गृहशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं होतं, ते शिकवलंही होतं, आणि ही कुकी त्यांनी ठरवून, प्रयोग करून तयार केली. ती त्यांच्या पाककृतींच्या पुस्तकाच्या १९३८च्या आवृत्तीत आली, आणि ती भाजून खायची कुकी होती. आता मी वर्गात ही हकीकत सांगते, आणि तिच्यानंतर एप्रिलची माझी.

अशा वड्या किंवा कुकी डोचे कप विकत घेत असाल तर विकणाऱ्याला विचारा की पिठावर कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया झालेली आहे का. उत्तर ‘घरी गरम करून घेतो’ असं आलं तर लहान मुलांना, गरोदर बाईला, म्हाताऱ्या माणसांना ते देऊ नका. आणि माझ्या वर्गातली जुनी झेरॉक्स, वर ‘नो-बेक टॉपिंग’ लिहिलेली, तुमच्या वहीत असेल किंवा कुणी तुम्हाला दिली असेल, तर तो भाग खोडून टाका, आणि ती ज्यांना पुढे दिलीत त्यांनाही कळवा.